जुन्या चिल्लरीतलं दुर्मीळ नाणं: ओळखायचं कसं, मोल करायचं कसं

या मालिकेत आत्तापर्यंत आपण सोन्या-चांदीच्या नाण्यांबद्दल बरंच बोललो. पण व्याख्यान संपल्यावर जे लोक पुढे येऊन भेटतात, त्यांच्या हातात मोहरा नसतात. त्यांच्या हातात असतो बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि डब्यात असते चिल्लर: पै, पैसे, आणे, नये पैसे. आणि प्रश्न एकच असतो, "याचे किती येतील?" म्हणून आज फक्त चिल्लर.

सुरुवात एका डब्यापासूनच करू. गेल्या वर्षी एक काका असाच डबा घेऊन आमच्याकडे आले. वडिलांचं किराण्याचं दुकान होतं, गल्ल्यात उरलेली नाणी वडिलांनी तशीच ठेवली होती. काकांनी त्यातल्या एका पैशाचा फोटो मोबाइलवरून कुठेतरी टाकला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला की तुमचं नाणं नऊ लाखांना घेतो, फक्त आधी नोंदणीचे अडीच हजार भरा. काकांनी भरले. मग 'कर' म्हणून आणखी मागितले, तेव्हा शंका आली. तोवर नातवाने एक काम करून ठेवलं होतं. फोटो चांगला यावा म्हणून डब्यातली त्यातल्या त्यात चांगली वीसेक नाणी चिंच आणि मीठ लावून लख्ख घासली होती.

म्हणजे बघा, पैसे गेले ते गेलेच, पण डब्यात जे काही थोडंफार मोलाचं होतं त्यालाही धक्का लागला. आणि दोन्हींचं कारण एकच: डब्यात नेमकं काय आहे, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आज आम्हाला जे सांगायचंय ते एवढंच आहे. नाण्याची किंमत त्याच्या वयात नसते, त्याच्या वेगळेपणात असते. आणि तो वेगळेपणा ओळखायला लाखांची नाही, थोड्या अभ्यासाची गरज आहे.

जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे

हा पहिला गैरसमज. दीडशे वर्षांपूर्वीचं नाणं म्हणजे महागच असणार, असं आपल्याला वाटतं. पण चिल्लर ही रोजच्या वापरासाठी पाडलेली गोष्ट. मीठ, तेल, विड्या, टांग्याचं भाडं, सगळं याच नाण्यांवर चालायचं. त्यामुळे टांकसाळीतून ती कोट्यवधींनी बाहेर पडली आणि आजही हजारो घरांत पडून आहेत. घासलेला, चेहरा पुसट झालेला राणीच्या काळातला पाव आणा नाण्यांच्या प्रदर्शनात आजही अगदी किरकोळ किमतीला मिळतो.

उलट तुमच्या-आमच्या लहानपणीचा एखादा नया पैसा एखाद्या विशिष्ट टांकसाळीचा, एखाद्या विशिष्ट सालचा आणि कोरा करकरीत असेल, तर तो त्या पाव आण्यापेक्षा महाग जाऊ शकतो. तेव्हा 'किती जुनं' हा प्रश्न बाजूला ठेवा. 'याच्यासारखी किती उरली आहेत, आणि ती कोणाला हवी आहेत' हा खरा प्रश्न.

आधी हिशेब समजून घेऊ

तरुण श्रोत्यांसाठी थोडी उजळणी. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. आपण 'पै पै जमवली' म्हणतो ती हीच पै, आण्याचा बारावा भाग. नाण्यावर इंग्रजीत 'वन क्वार्टर आना' लिहिलेलं असतं तो म्हणजे एक पैसा. अर्धा पैसाही होता, त्यावर 'हाफ पाइस' असतं.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणी सुरू केली. त्याआधी मुंबई, मद्रास, बंगाल इलाख्यांची चिल्लर वेगवेगळी होती. १८६२ पासून नाण्यांवर कंपनीऐवजी व्हिक्टोरिया राणी आली. आधी तिच्या नावापुढे 'क्वीन' आहे, आणि १८७७ पासून 'एम्प्रेस'. मग सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज. १९५० पासून आपल्या प्रजासत्ताकाची नाणी, आणि १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत, म्हणजे रुपयाचे शंभर नये पैसे. १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गळाला. आणि ३० जून २०११ नंतर चार आणे, म्हणजे २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली.

हा काळाचा क्रम डोक्यात असला की निम्मी फसवणूक तिथेच पकडता येते. कशी, ते पुढे सांगतो.

'प्रकार' म्हणजे नेमकं काय?

संग्राहक जेव्हा 'व्हरायटी' म्हणतात तेव्हा त्यांना एकाच गोष्टीबद्दल बोलायचं नसतं. आम्ही याच्या चार पायऱ्या करतो.

पहिली पायरी साल. दुसरी टांकसाळ. एकाच सालचं, एकाच किमतीचं नाणं मुंबईतही पडलं असेल आणि कलकत्त्यातही, आणि दोन्हींची संख्या फार वेगळी असू शकते. तिसरी पायरी ठशातला फरक. ठसा, म्हणजे डाय, झिजला की नवा करतात, आणि नव्यात कधी आकडे लहान-मोठे होतात, कधी मुकुटाचा आकार बदलतो, कधी धातूच बदलतो. चौथी पायरी म्हणजे चूक: नाणं पाडताना झालेली गडबड.

पहिल्या तीन पायऱ्या टांकसाळीने ठरवून किंवा नकळत, पण हजारो नाण्यांवर केलेल्या असतात. त्यांची यादी होते, त्यांचे क्रमांक असतात. चौथी पायरी ही एकेका नाण्याची गोष्ट असते. बाजारात या दोन्हींची सरमिसळ करून विकतात, म्हणून आपण त्या वेगळ्या ठेवायच्या.

तीन उदाहरणं

आता प्रत्यक्ष नाण्यांकडे येऊ.

पहिलं उदाहरण १९०६ च्या पाव आण्याचं. त्या वर्षी सरकारने चिल्लरीचा धातू बदलला. आधी तांबं होतं, आता कांस्य आलं. वजनही कमी केलं. तांब्याचा पाव आणा १०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ६.४८ ग्रॅम. कांस्याचा ७५ ग्रेनचा, म्हणजे सुमारे ४.८६ ग्रॅम. आता गंमत अशी की १९०६ साल दोन्हींवर सापडतं. दोन्हींवर बोडका एडवर्ड आहे, रुंदीही जवळपास तीच. शंभर वर्षांच्या धुळीने दोन्ही सारखीच काळपट झालेली. रंगावरून भांडत बसू नका. काट्यावर ठेवा. सहाच्या वर भरलं तर तांबं, पाचच्या आत भरलं तर कांस्य.

इथे कोणी विचारेल की तांब्याचं नाणं झिजून हलकं झालं असेल तर? झिजतं, पण साल वाचता येण्याइतकं शाबूत असलेलं नाणं चौथा हिस्सा वजन गमावत नाही. आणि दुसरी बाजूही लक्षात ठेवा: नाणं झिजून हलकं होतं, जड कधीच होत नाही. एखादा पाव आणा ठरलेल्या वजनापेक्षा चांगलाच जड भरला, तर मामला संशयाचा.

दुसरं उदाहरण १९११ चं. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या नाण्यांवर राजाच्या झग्यावर हत्तीचं चित्र आहे. ते इतकं बारीक आणि आखूड सोंडेचं निघालं की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, आणि १९१२ पासून हत्ती नीट हत्तीसारखा दिसेल असा केला. रुपयाबद्दल ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण त्या वर्षीच्या पाव आण्यावरही तेच चित्र आहे.

आता विक्रेता काय करतो? '१९११, शिवाय डुक्करछाप, दुहेरी दुर्मीळ' असं म्हणून किंमत सांगतो. अहो, १९११ चा पाव आणा म्हटला की तो डुक्करछापच असणार! साल सांगितलं तिथेच गोष्ट संपली. त्याचे वेगळे पैसे कशाला? आणि हे नाणं प्रसिद्ध आहे म्हणजे दुर्मीळ आहे असंही नाही. चांगल्या गोष्टीमुळे मागणी वाढते, पण नाण्यांची संख्या काही कमी होत नाही.

तिसरं उदाहरण आपल्या काळाच्या जवळचं: एक नया पैसा. १९५७ ला सुरू झाला तेव्हा कांस्याचा होता, तांबूस. १९६२ मध्ये धातू बदलून निकेल-पितळ आलं, पिवळसर. त्यामुळे १९६२ साल दोन्ही धातूंत सापडतं. म्हणजे १९०६ ची पुनरावृत्तीच. यातून एक नियम मिळतो: जिथे धातू, राजा किंवा रचना बदलते, त्या वर्षाचं प्रत्येक नाणं थांबून नीट बघायचं. बदलाच्या उंबरठ्यावरच वेगळे प्रकार जन्माला येतात. डबा उपसताना आम्ही आधी ही सालं बाजूला काढतो.

तारखेखालची बारीक खूण

आता टांकसाळीची खूण. हल्लीच्या नाण्यांवर ती तारखेच्या खाली असते. मुंबईची खूण चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा बारीक आकार. हैदराबादची पाच टोकांची चांदणी. नोएडाचं गोल टिंब. आणि कलकत्त्याची खूण म्हणजे खूण नसणं. तारखेखाली काहीच नाही, तर कलकत्ता. इंग्रजी अमदानीतल्या मुंबईच्या नाण्यांवर कधी टिंब तर कधी चौकट दिसते. दुसऱ्या महायुद्धात लाहोरला उघडलेल्या टांकसाळीच्या नाण्यांवर बारीकसा इंग्रजी 'एल' सापडतो. १९८८ च्या गेंड्याच्या २५ पैशांवर तारखेखाली इंग्रजी 'सी' दिसला तर ते नाणं थेट कॅनडातल्या ओटावाहून पाडून आणलेलं आहे.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. मुंबईची चौकट झिजली की तिचे कोपरे जातात आणि ती टिंबासारखी दिसते. मग लोक म्हणतात, '१९६० चं नोएडाचं नाणं सापडलं, कुठल्याच यादीत नाही!' यादीत नाही, कारण तेव्हा नोएडाची टांकसाळच नव्हती. ती १९८० च्या दशकातली. काळाचा क्रम कामाला येतो तो असा.

आणखी एक नाणं बहुतेक डब्यांत असतंच: भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७. युद्धामुळे धातूची टंचाई होती, म्हणून मधोमध मोठं भोक ठेवलं आणि नाणं जेमतेम दोन ग्रॅमवर आलं. अनेक घरांत सांगतात की हा पैसा लोकांनी वॉशर म्हणून वापरला, पोरांच्या करदोट्यात ओवला. या नाण्यात मुकुटाचा आकार आणि तारखेचे आकडे लहान की मोठे, यावरून प्रकार पडतात. दोन-चार भोकाचे पैसे शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली बघा, फरक आपोआप दिसायला लागतो. एकटं नाणं बघून तो कधीच कळत नाही.

लागणारं साहित्य

महागडं काही नको. एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, सोनाराकडे असतो तसा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग. प्लास्टिकचा कॅलिपर, नसेल तर साधी पट्टी. एक चुंबक. आणि बाजूने येणारा प्रकाश, म्हणजे टेबललॅम्प तिरका करून. समोरून पाडलेल्या उजेडात पुसट अक्षरं दिसत नाहीत, तिरक्या उजेडात सावली पडते आणि ती वाचता येतात.

चुंबक कशाला? तांबं, कांस्य आणि तांबं-निकेलचं मिश्रण चुंबकाला चिकटत नाही. पाव आणा टपकन चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वरून तांब्याचा मुलामा. मात्र उलटा निष्कर्ष काढू नका. शुद्ध निकेलची जुनी नाणी आणि नंतरची स्टीलची नाणी चिकटतात, ती अस्सलच असतात. आधी त्या नाण्याचा धातू काय असायला हवा ते बघायचं, मग चुंबक.

सालाबरहुकूम यादी हवी असेल तर स्टीव्हन्स आणि वियर यांचा एकसारख्या नाण्यांवरचा, १८३५ ते १९४७ या काळाचा ग्रंथ आहे. प्रिडमोर यांचं काम त्याआधीचं. जागतिक नाण्यांचा क्राउजचा कॅटलॉग बहुतेक संग्राहकांकडे असतो. आणि अस्सल नाणी डोळ्यांखालून घालायची असतील तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय बघा.

टांकसाळीची चूक आणि दुकानातली 'चूक'

चुकीच्या नाण्यांना आज फार मागणी आहे, म्हणून बनावटही खूप. खरी चूक कशी होते हे कळलं की खोटी ओळखता येते.

ठशांच्या मधोमध चकती नीट बसली नाही, तर छाप सरकून पडतो आणि एका बाजूला कोरी चंद्रकोर राहते. ही सरकलेली छाप. दुसरी चूक 'ब्रोकेज'. आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते. मग एका बाजूला नेहमीसारखं उठावाचं चित्र, आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं आणि खोल गेलेलं, आरशात बघितल्यासारखं. हे डोळ्यांना विचित्र वाटतं, पण टांकसाळीच्या यंत्रात ते घडू शकतं.

आता दोन्ही बाजूंना छापाच, आणि दोन्हीकडे उठावाचा, असं नाणं कोणी दाखवलं तर? किनार भिंगाखाली बघा. बहुतेक वेळा दोन नाणी पातळ करून चिकटवलेली असतात आणि किनारीला किंवा आतल्या कडेला सांधा सापडतो. नंतर हातोडीने ठोकलेलं, रुळावर ठेवून चपटं केलेलं, ड्रिलने भोक पाडलेलं नाणं, ही चूक नव्हे, ही इजा. नियम साधा: जे टांकसाळीच्या आत घडलं ती चूक, जे बाहेर घडलं ते नुकसान.

ओतीव बनावट नाण्यांवर अक्षरांच्या कडा मऊ, साबणाच्या वडीवर उमटल्यासारख्या दिसतात, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात. आणि राम दरबार, हनुमान असलेले 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, एक आणा' असे तांब्याचे जाडजूड तुकडे तुम्ही सगळ्यांनी पाहिले असतील. ती नाणी नाहीतच. एकसारख्या नाणेव्यवस्थेत कंपनीने एक आण्याचं नाणं पाडलंच नाही. आण्याचं नाणं १९०६ च्या कायद्यानंतर आलं, तेही तांबं-निकेलचं आणि नागमोडी किनारीचं. देवघरात श्रद्धेने ठेवायला हरकत नाही, पण नाणं म्हणून त्याला दमडीही देऊ नका.

एक मधला प्रकारही आहे: 'रिस्ट्राइक'. जुन्या सालची नाणी संग्राहकांसाठी टांकसाळीनेच नंतर पुन्हा पाडून दिली. हे १९७० पर्यंत चालू होतं. ती बनावट नव्हेत, पण मूळ नाण्यांच्या भावानेही घ्यायची नाहीत.

अवस्था: आणि कृपा करून घासू नका

दुर्मीळपणाच्या बरोबरीने किंमत ठरवते ती नाण्याची अवस्था. बाजारात फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन आणि अनसर्क्युलेटेड, म्हणजे अजिबात न वापरलेलं, अशा पायऱ्या चालतात. झीज आधी उंच भागावर होते: राजाची भुवई, कानावरचे केस, मुकुटावरचे मणी. तिथे रेषा शाबूत असतील तर नाणं वरच्या पायरीचं.

तांब्या-कांस्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षांनी जो तपकिरी थर येतो तो मळ नव्हे. ती धातूची आपली कातडी असते. चिंच, लिंबू, ब्रासो, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही लावलं की तो थर जातो आणि खाली गुलाबीसर, निर्जीव तांबं उघडं पडतं. भिंगाखाली हजार ओरखडे दिसतात. जाणकार माणूस अशा नाण्याला सरळ दोन-तीन पायऱ्या खाली ढकलतो, आणि ते पुन्हा पूर्ववत करता येत नाही. तांब्या-पितळेची भांडी घासून लख्ख ठेवणं ही आपली चांगली सवय, पण नाण्यांच्या बाबतीत तीच घात करते.

मग करायचं काय? सुटी माती असेल तर साध्या पाण्यात भिजवून, न घासता, मऊ कापडावर टिपून घ्या. पूर्ण वाळवा. नाणं नेहमी किनारीने धरा. चिकट मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर धरतो. कागदी चौकटीत किंवा कडक पारदर्शक डबीत, कोरड्या जागी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी ठेवलीच पाहिजे.

मोल ठरवताना

आता तुमचा मूळ प्रश्न: किती येतील? चार गोष्टींनी ठरतं. किती उरली आहेत, कुठल्या अवस्थेत आहेत, किती जणांना हवी आहेत, आणि अस्सलपणाची खात्री आहे का. यातली एक जरी शून्य झाली तरी किंमत कोसळते. दुर्मीळ आहे पण कोणाला नकोय, तर भाव नाही. हवंय पण लाखोंनी पडलंय, तर भाव नाही.

विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. मागायला काय, कोणी एक कोटीही मागेल. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, त्याच सालच्या, त्याच टांकसाळीच्या, त्याच अवस्थेच्या नाण्याची किंमत बघा. एक नव्हे, तीन-चार विक्री बघा. आणि हेही धरून चाला की व्यापारी घेताना त्याहून कमी देईल, कारण त्याला दुकान चालवायचंय. यात फसवणूक नाही, हा धंदा आहे.

तळाची किंमत काढायची तर धातूची काढा. कांस्याचे साधारण दोनशे पाच पाव आणे मिळून एक किलो होतात. भंगारात त्यांचं काय येईल, हे तुम्ही सांगा. तरीही भंगारात देऊ नका, कारण त्या दोनशे पाचांतलं एखादं वेगळं असेल, तर ते कायमचं गेलं. असे डबेच्या डबे भट्टीत जातात म्हणून काही प्रकार पुढे दुर्मीळ होतात.

फसवणूक आणि कायदा

जुनी नाणी-नोटा विकत घेतो म्हणून फोन करणारे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्हही वापरतात. यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला: बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. तुम्ही एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा: नाणं विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, भरायचे नसतात. कोणी आधी भरायला सांगितलं, की फोन ठेवायचा.

कायद्याच्या तीन गोष्टी. शेतात, विहीर खणताना, घराच्या पायात पुरलेली नाणी सापडली आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दुसरं, शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशातल्या भाच्याला सहज पाठवून देता येत नाही. तिसरं, नाणी वितळवणं, मोडतोड करणं याला २०११ च्या नाणे कायद्याने बंदी आहे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं लाखांना जातं, हे खरं का?* नाही. ती स्मारक नाणी चलनासाठीच पाडली, आणि मोठ्या संख्येने. आवडत असेल तर जपून ठेवा.

*शिवराई ओळखायला हाच मार्ग का?* काही भाग हाच: वजन, किनार, तुलना. पण शिवराई हाताने ठोकलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', आणि ठसा मोठा, चकती लहान असल्याने अर्धी अक्षरं बाहेर राहतात. छत्रपतींच्या पश्चातही कितीतरी वर्षं त्याच धर्तीवर ती पाडली जात होती. त्यामुळे प्रत्येक शिवराई थेट महाराजांच्या हयातीतली, असं समजू नये. त्यावर स्वतंत्र व्याख्यान घेऊ.

*घासलेल्या नाण्यांचं आता काय करायचं?* काहीच करू नका. कृत्रिम रंग चढवायला जाऊ नका. हवेने हळूहळू थोडा रंग परत येतो, पण विकताना 'घासलेलं आहे' असं सांगायचं.

काकांचा डबा

शेवटी त्या डब्याकडे. आम्ही दोन दुपारी बसून तो उपसला. लाखांचं काही नव्हतं. बहुतेक चिल्लर अगदी साधी. १९०६ चे सहा पाव आणे होते, पाच कांस्याचे आणि एक तांब्याचा, काट्यावर सहाच्या वर भरलेला. १९६२ चे दोन्ही धातूंचे नये पैसे होते. एक भोकाचा पैसा जवळजवळ कोरा होता, पण तो नेमका घासलेल्या वीसांत होता. नातू गप्प बसून बघत होता. आम्ही त्याला काही बोललो नाही. त्याच्या हातात भिंग दिलं आणि तारखेखालच्या खुणा लिहून काढायला बसवलं.

त्याने वहीत सगळं मांडलं: साल, टांकसाळ, वजन, अवस्था, आणि शेवटच्या रकान्यात 'आजोबांच्या वडिलांच्या गल्ल्यातून'. तो शेवटचा रकाना बाजारात फारसा मोजला जात नाही. पण एका गल्ल्यात कुठल्या टांकसाळीची, कुठल्या सालची नाणी एकत्र फिरत होती याची नोंद अभ्यासकाला हवी असते, आणि ती नाणी सुटी सुटी विकली की कायमची हरवते. म्हणून आमची विनंती एवढीच: डबा विकायचा असेल तर जरूर विका, पण आधी त्याची वही करा. घरी गेलात की काटा, भिंग आणि तिरका दिवा घेऊन बसा. चिंच मात्र आमटीतच राहू द्या.